बोटावरचा आकडा

१४ जून

प्रिय वन्संबाई,

इस्पितळातून घरी येऊन आज पाचवा दिवस. पहिल्या दिवशी आपला तो एवढासा जिना चढायला मला सतरा मिनिटं लागली. तुझ्या दादानं घड्याळ लावलं होतं गं! प्रत्येक पायरीवर "दमानं, दमानं" म्हणत होता, आणि मला आपल्या गाईडची इतकी आठवण आली की हसू फुटलं. हसले की खोकला, खोकला की धाप, आणि दादा पुन्हा "दमानं"! त्या माणसाचं खरं नाव मला इस्पितळाच्या कागदावर पहिल्यांदा कळलं, पण आपल्यासाठी ते दमानंमामाच.

फोनवर बोलायला डॉक्टरांनी बंदी केलीय. दोन वाक्यांत दम संपतो. बसून लिहिता मात्र येतं, म्हणून हे पत्र.

आधी मनातलं लिहून टाकते. तुझी खिंड मी नासवली. नऊ वर्षं तू आईंच्या उशापायथ्याशी काढलीस. आम्ही दुसऱ्या गावात राहून फक्त "कसं आहे" विचारत बसलो. आई गेल्यावर पहिल्यांदा तू स्वतःसाठी काही मागितलंस, ते हे डोंगर. गिर्यारोहण मंडळ एकट्याला घेत नाही, तंबूत जोडीदार हवाच, म्हणून मला ओढलंस. मीही तोऱ्यात आले. पोरांना पोहायला शिकवणारी बाई मी, माझी फुप्फुसं म्हणजे लोहाराचा भाता! आणि झालं काय, खिंडीवर तुला मोजून वीस मिनिटं मिळाली, आणि पलीकडे उतरताना भाता फुटला. मामांनी मला चार तास पाठुंगळीला मारून रस्त्यापर्यंत आणलं म्हणे. मला त्यातला फक्त त्यांच्या मानेचा वास आठवतो, धुराचा.

आता कामाचं. दादा मामांवर फार चिडलाय. दर संध्याकाळी मामा बोटाला चिमटा लावून प्रत्येकाचा प्राणवायूचा आकडा वहीत लिहायचे ना, त्या वहीत शेवटच्या संध्याकाळी माझ्यापुढे चौऱ्याऐंशी लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, हे पटत नाही. पंचाहत्तरच्या खाली असतं तर नियमाप्रमाणे मला तिथूनच खाली पाठवलं असतं. दादाचं म्हणणं, मामांनी चिमटा न लावता मनानंच आकडा ठोकला. त्यानं मंडळाकडे लेखी तक्रार केलीय आणि मंडळानं मामांना कामावरून थांबवलंय. २० जुलैला चौकशी आहे.

तंबूत आपण दोघीच होतो. मी टोपी डोळ्यांवर ओढून पडलेली. चिमटा तू लावलास, आकडा तू ओरडून सांगितलास. एवढंच मंडळाला लिहून पाठव, की मामांनी चिमटा दिला होता. बिचाऱ्यावर उगाच आळ नको.

आणि खिंडीतला फोटो पाठव की! आपण दोघी, मागे ते सगळं बर्फ. तेवढं तरी पाहू दे.

तुझी,
वहिनी


२३ जून

प्रिय वहिनी,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. अजून तसंच आहे, पळतं.

जेवतेस का नीट? पाठीला उशी घेऊन बस, सपाट झोपू नकोस. सकाळी गार पाण्यात हात घालू नकोस. दादाला म्हणावं भांडी तू घास, हात झिजत नाहीत. सोबत लोकरीचे मोजे पाठवलेत, ते घाल, कपाटात ठेवू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

इथं ऑफिसात वार्षिक तपासणी चालू आहे, मान वर करायला वेळ नाही. सकाळपासून दुकानादुकानांत काटे तपासत वजनं घेऊन फिरते. काल एका भाजीवाल्याच्या काट्यात तीस ग्रॅमची खोट निघाली. म्हातारा माणूस. म्हणाला, "बाई, काटा जुना झालाय, मी मुद्दाम नाही केलं." एरवी मी पावती फाडून मोकळी झाले असते. काल हात उचलेचना. शेवटी आमच्या शिपायानं विचारलं, "बरं नाही का बाई?" मी म्हटलं ऊन लागलं.

मंडळाला लिहायचं म्हणतेस. लिहीन. वेळ मिळाला की लिहीन. पण वहिनी, तू दादाला तक्रारच मागे घ्यायला सांग ना. डोंगरात असं होतं. त्यात कुणाची चूक नसते. उगाच ते सगळं उकरून काय मिळणार? तू बरी होते आहेस, यात सगळं आलं. मामा भले आहेत, दादा भला आहे, तू तर काय, आणि चौकशीचं लचांड मागे लावून घ्यायचं कशाला?

फोटोचं म्हणशील तर कॅमेरा अजून सॅकमधूनच काढलेला नाही. सॅक माळ्यावर आहे. बघते.

तू माझी खिंड नासवलीस असं पुन्हा लिहू नकोस. हात जोडते.

तुझी,
वन्सं


१ जुलै

प्रिय वन्संबाई,

मोजे घातलेत. घामानं पाय भिजले, तरी तुझा मान राखला.

तुझं पत्र मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सहा परिच्छेद लिहिले आणि विचारलं त्याचं उत्तर नाही. ही माझी बहीणच ना?" मी म्हटलं तिला कामं असतात. पण खरं सांगू, मलाही नवल वाटलं. दोन ओळींचं तर काम आहे.

परवा मामा आले होते. दारातच उभे राहिले, आत यायला तयार होईनात. दादा समोर बसलेला, तोंड पाडून. मी खुणेनं बसा म्हटलं तर उंबऱ्याशीच टेकले. म्हणाले, "पोहणाऱ्या बाई, माफी मागायला आलो. मी आत येऊन डोळ्यांनी बघायला हवं होतं." एवढंच. दादानं विचारलं, "मग बघितलं का नाहीत?" तर मान खाली. तुझं नाव त्यांनी काढलंच नाही. सध्या एका गोदामात पोती उचलतात म्हणे. पंचवीस वर्षं लोकांना डोंगरावर नेऊन सुखरूप आणणारा माणूस! जाताना सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी पीत राहा, दमानं." मला रडू आवरेना.

आता ऐक. मी एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, दादालाही नाही. त्या दिवशी दुपारपासून माझं डोकं ठणकत होतं. मामांनी बजावलं होतं, डोकं दुखलं की लगेच सांगा. मी सांगितलं नाही. दोन गोळ्या गिळल्या आणि गप्प पडले. मला वाटलं, मी बोलले तर दोघींनाही खाली धाडतील. जोडीतला एक उतरला की दुसऱ्यानंही उतरायचं, असा त्यांचा नियम. तुझी खिंड माझ्या डोकेदुखीपायी जायला नको. म्हणजे सगळं माझ्यामुळेच झालं बघ. आकडा चांगला आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं!

मी चौकशीत हे सांगणार आहे. गुन्हेगार मी, मामा नाहीत. दादा ओरडेल, ओरडू दे.

काल तलावावर गेले होते, नुसतं बघायला. पोरं कडेला रांगेत उभी, मी सवयीनं शिट्टी तोंडात धरली. वाजली नाही. वारा आतून बाहेर येईपर्यंत संपूनच गेला. एका चिमुरडीनं विचारलं, "बाई, मी वाजवू का?"

फोटो?

तुझी,
वहिनी


७ जुलै

वहिनी,

चौकशीत काही सांगू नकोस. गोळ्यांचंही नाही. आधी हे वाच. दादा घरी नसताना वाच.

तू चौऱ्याऐंशी नव्हतीस.

तो पाचवा दिवस. दुपारपासून बर्फाचा भुगा उडत होता. मामा रोज तंबूत येऊन बसायचे, आपलं बोट हातात धरून स्वतः आकडा बघायचे. त्या संध्याकाळी मीच आतून म्हटलं, "मामा, आत नका येऊ, बर्फ येतंय, चिमटा द्या, मी सांगते." ते म्हणाले, "काटेवाल्या बाई, तुमच्या आकड्यावर नाही भरवसा ठेवायचा तर कुणाच्या?" आणि चेन जराशी उघडून हात आत घातला. फक्त हात. बोटं फुटलेली, चिमटा त्यावर.

देवाशपथ, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. माझा आकडा आला चौऱ्याऐंशी. मी ओरडून सांगितला. मग तुझं बोट धरलं. बोट गार होतं. बहात्तर आला. मला वाटलं गारठ्यामुळे असेल, म्हणून चोळलं, पुन्हा लावलं. तेच.

तीन आकड्यांसाठी, वहिनी. पंचाहत्तरला तीन कमी. मला वाटलं, तीन म्हणजे काय, सकाळपर्यंत भरून निघतील. बाहेरून मामांनी विचारलं, "पोहणाऱ्या बाई किती?" मला खिंड दिसत होती. सकाळी ढग हटले तेव्हा दिसली होती ना, तशी. आई आजारी असताना ज्या कॅलेंडरकडे बघत मी औषधाच्या वेळा पाळायची, त्यावर असलीच खिंड होती. मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी."

मामा म्हणाले, "दोघींचं सारखंच?" मी म्हटलं, "एकाच घरातल्या ना!" ते हसले. मीही हसले. वहीत बघ, माझ्यापुढेही चौऱ्याऐंशीच आहे.

मग तू टोपीखालून विचारलंस, "किती गं माझं?" मी तुलाही तेच सांगितलं. तू म्हणालीस, "बघ, भाता!" आणि कुशीवर वळलीस. ते "बघ, भाता" मला दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. काटा तपासताना, भाजी चिरताना, कधीही.

खिंडीवर तू दगडाला टेकून बसली होतीस आणि मी पलीकडचे डोंगर बघत होते. मला आनंद झाला होता. हे लपवत नाही. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. तुझ्याकडे बघायचं मी टाळत होते.

मामांनी दारात बसून माझं नाव घेतलं नाही, हे वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे पत्र चौकशीत दे. दादाला दे. माझी काही तक्रार नाही. मला समोर येऊन बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहिलं.

वन्सं


२९ जुलै

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं.

मी पत्र दादाला दिलं. त्यानं ते दोन दिवस खिशात घालून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मंडळात गेला आणि तक्रार मागे घेतो म्हणाला. ते म्हणाले, आता आमचा विषय आहे, चौकशी होणार. वीस तारखेला मीही गेले. तुझं पत्र वाचून दाखवलं. मामा समोर बसले होते. त्यांना विचारलं, तुम्हाला काय म्हणायचंय. ते म्हणाले, "काटेवाल्या बाईंनी लिहिलं, उपकार झाले. पण चिमटा मी बघायला हवा होता." बस्.

मला वाटलं मामा सुटले. पण मंडळाच्या डॉक्टरांना पटेना. त्यांचं म्हणणं, बहात्तर म्हणजे हद्दीला लागूनच. तेवढ्यावरून माणूस दुसऱ्या दुपारी असा कोसळत नाही. म्हणजे सकाळी निघताना तब्येत दिसण्याइतकी बिघडली असणार, आणि ती गाईडनं बघितली नाही. मामा म्हणाले, "बाई चालत होत्या, बोलत होत्या, आकडा चांगला होता, म्हणून मी दुसरं काही शोधलं नाही." ते कुणी लिहूनही घेतलं नाही. निकाल १८ ऑगस्टला. मामा अजून पोतीच उचलतायत.

तर मी तुझं पत्र पुन्हा काढलं. बऱ्याच वेळा वाचलं. तुला वाटेल राग काढायला. राग आहेच. मी तुझ्यासाठी आले होते गं. मला डोंगराची काडीची हौस नव्हती. डोकं फुटत होतं तरी तुझ्यासाठी गप्प बसले, आणि तू माझं बोट हातात धरून माझ्याच तोंडावर खोटं बोललीस.

पण मी अडते ती एकाच जागी. तू मामांची फुटलेली बोटं लिहिलीस, कॅलेंडर लिहिलंस, कोण कधी हसलं तेही लिहिलंस. आणि आकडा लिहिलास बहात्तर. तीनच खाली. तीन आकड्यांसाठी तू दोन महिने कॅमेरा सॅकमध्ये ठेवणारी बाई नव्हेस. मी वीस वर्षं तुला ओळखते.

इस्पितळात नेलं तेव्हा माझा आकडा पंचावन्न होता.

खरा किती होता?


१० ऑगस्ट

वहिनी,

एकसष्ट.

चोळून पुन्हा लावला तेव्हा एकोणसाठ. तेच आलं असं मी लिहिलं होतं, तेही खोटं. खाली गेला होता. तो खाली जाताना मी पाहिला आणि मग चौऱ्याऐंशी म्हटलं.

बहात्तर मी पत्र लिहिताना शोधला. आधी पंचाहत्तरच्या खाली पण जवळ असं काहीतरी हवं होतं. चौऱ्याहत्तर लिहून पाहिलं, ते फारच बनवलेलं वाटलं. म्हणून बहात्तर. कबुली देतानाही मी पारड्याखाली बोट लावलं. दुकानदारांचं असं बोट मला लांबून दिसतं.

मी परवा मंडळात जाऊन आले. तुम्हाला कळवलं नाही, घराकडेही वळले नाही. डॉक्टर होते, मामांनाही त्यांनी बोलावून घेतलं. मी उभी राहून दोन्ही आकडे सांगायला लागले. पहिला सांगितला आणि तिथंच थांबले. तेव्हा मामांनीच विचारलं, "आणि दुसऱ्यांदा?" त्यांना ठाऊक होतं, मी दोनदा लावणारच. मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "एकोणसाठवर तुम्ही त्यांना चढवलंत?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मामांनी वही मागून घेतली. चौऱ्याऐंशीवर एक रेघ मारली, बाजूला एकोणसाठ लिहिलं, खाली सही केली, माझ्यापुढे सरकवली. मीही सही केली. निकालाची वाट बघायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले, मामा पुढच्या गटाबरोबर जाणार. बाहेर पडताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले. "माझ्या नको, बाई," म्हणाले. आणखी एक शब्द बोलले नाहीत. दमानंसुद्धा नाही.

फोटो पाठवते आहे. पाठवू नये असं शंभरदा वाटलं. तुझे ओठ बघ. त्या उजेडातही निळे दिसतायत. आणि शेजारी मी बघ, कशी हसतेय. मागच्या बाजूला तारीख लिहिलीय, आणि एकोणसाठ.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते.

वन्सं


६ सप्टेंबर

वन्सं,

फोटो पोचला. दादानं पाहिला आणि उलटा करून ठेवला, मग मागचा आकडा दिसला तेव्हा सरळ करून ठेवला. आता तो माझ्या शाईच्या बाटलीखाली आहे. मी तुझ्या हसण्याकडे फार वेळ बघत होते. तसं हसताना मी तुला वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मामा जायच्या आधी भेटून गेले. आता चिमटा दोरीनं स्वतःच्या गळ्यात बांधलाय. कुणाच्या हातात देत नाहीत.

शिट्टी परवा वाजली, अर्धवट. पोरांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टर म्हणतात आणखी सहा महिने, मग बघू.

वर एक ओळ खोडलेली दिसेल तुला. "तुला माफ केलं" असं लिहिलं होतं. लिहून पाहिलं, वाचलं, आणि खरं वाटलं नाही, म्हणून खोडलं. तुला आता खोटे आकडे नकोत आणि मलाही. खरं होईल तेव्हा लिहीन. तोवर तू पत्र लिहीत जा. ऑफिसचं लिही, त्या भाजीवाल्याचं पुढे काय झालं ते लिही. तुझं पत्र आलं नाही की मी फाटकाशी जाऊन येते, हे सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

दादा रोज सकाळी माझ्या बोटाला चिमटा लावतो आणि आकडा मोठ्यानं वाचतो. आज म्हणाला, एक्क्याण्णव. तुझा भाऊ खोटं बोलत नाही, त्याला ते जमतच नाही. तरी तो चहा ठेवायला आत गेला की मी चिमटा पुन्हा लावते आणि स्वतः बघते.

आज एक्क्याण्णवच होता.

वहिनी